लिबटूल की सीमेक? ‘अक्षरी रुपये’ तीन ऑपरेटिंग सिस्टिमवर नेताना

लिबटूल आणि सीमेक ही एकाच कोडपासून वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लायब्ररी बनवायला मदत करणारी साधनं. दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे पैसे वसूल झाले का, हा प्रश्नच नाही. वसूल करायचे ते आपले रविवार. माझे रविवार आधी लिबटूलने खाल्ले, मग सीमेकने. कोणी किती खाल्ले आणि बदल्यात काय दिलं, तेवढं लिहिते.

मी सांगलीत घरून काम करते, मुख्यतः सी भाषेत. माझी एक छोटी लायब्ररी आहे, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड, तिचं नाव ‘अक्षरी’. तिला आकडा दिला की ती शब्द देते. १,२५,०५० दिले की ‘एक लाख पंचवीस हजार पन्नास’. चेकवर, पावतीवर, मुदत ठेवीच्या दाखल्यावर ‘अक्षरी रुपये’ म्हणून जी रेघ असते ती भरायची, बस. इंग्रजीत हे अर्ध्या तासाचं काम आहे, वीसपर्यंतचे शब्द आणि दहा-दहाचे टप्पे दिले की झालं. मराठीत एक ते नव्व्याण्णव म्हणजे खरोखरच नव्व्याण्णव वेगवेगळे शब्द. वर एकोणऐंशी की एकुणऐंशी, त्र्याण्णव की त्रेण्णव यावर प्रत्येक लेखनिकाचं स्वतंत्र मत.

हा तक्ता तीन ठिकाणी लागणार होता. तासगावाकडच्या एका पतसंस्थेच्या काउंटरवर विंडोज, तिथला प्रोग्रॅम सी शार्पमध्ये. रात्री ठेवीदारांची पत्रं तयार करणारा सर्व्हर लिनक्सवर. आणि दाखले छापणाऱ्या प्रेसमधला डिझायनर मॅकवर, त्याचं सगळं पायथॉनच्या चार स्क्रिप्टांवर चाललेलं. तिघांना तक्त्याच्या तीन प्रती दिल्या असत्या तर महिन्याभरात तीन वेगळी ‘एकोणऐंशी’ छापली गेली असती. म्हणून एकच सोर्स, म्हणजे मी लिहिलेला मूळ कोड, आणि त्यातून तीन शेअर्ड लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलीत राहणाऱ्या. तिघांचे प्रोग्रॅम चालू होताना आपापली लायब्ररी उचलतील. एक स्पेलिंग दुरुस्त केलं की मी तीन फाइली पाठवीन, त्यांचे प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड करायला, म्हणजे सोर्सपासून नव्याने बनवायला, नकोत. ठरलं हे असं.

लिनक्सवर हे इतकं सोपं असतं की माणूस फसतो. जीसीसी या कंपायलरला, म्हणजे सोर्सपासून यंत्राचा कोड बनवणाऱ्या प्रोग्रॅमला, दोन स्विच दिले, एक ‘शेअर्ड’, दुसरा ‘एफपिक’, म्हणजे मेमरीत कुठेही बसवला तरी चालेल असा कोड बनव, की डॉट एसओ फाइल तयार. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, दोन दिवसांत तिन्हीकडे होईल.

मग कळलं की ‘शेअर्ड लायब्ररी’ हा शब्द तिन्हीकडे सारखा असला तरी वस्तू तीन आहेत. लिनक्सवर लायब्ररीच्या पोटात तिचं एक नाव असतं, सोनेम. प्रोग्रॅम ते नाव लक्षात ठेवतो आणि चालू होताना ठरलेल्या फोल्डरांमध्ये शोधतो. मॅकवर पोटात नुसतं नाव नसून पूर्ण पत्ता असू शकतो, आणि प्रोग्रॅम तो पत्ता जसाच्या तसा उतरवून घेतो. विंडोजवर तिसरीच तऱ्हा. एका लायब्ररीच्या दोन फाइली, चालताना लागणारी डीएलएल आणि जोडताना लागणारी इम्पोर्ट लायब्ररी. पत्ता वगैरे काही नाही, आधी प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये बघायचं, मग इतरत्र. शिवाय लिनक्सवर तुमचं प्रत्येक फंक्शन आपोआप बाहेरच्याला दिसतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर तुम्ही स्वतः ‘हे बाहेर दाखव’ असं लिहिल्याशिवाय एकही दिसत नाही.

हे सगळं हाताने सांभाळायचं म्हणजे तीन स्क्रिप्टा, आणि दर सहा महिन्यांनी त्यांतली कोणती कशासाठी होती ते विसरणं. म्हणून २०१८ मध्ये मी लिबटूलकडे वळले.

लिबटूल हे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं जुनं साधन, १९९६-९७ पासूनचं. त्या काळी प्रश्न तीन सिस्टिमचा नव्हता, डझनभर युनिक्सांचा होता. एचपीच्या युनिक्सवर शेअर्ड लायब्ररी डॉट एसएल, आयबीएमच्या एआयएक्सवर चक्क डॉट ए, म्हणजे बाकी जग ज्या नावाने स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅममध्येच कायमची मिसळून जाणारी, लायब्ररी ओळखतं तेच नाव. लिबटूलने या सगळ्यांवर एक पांघरूण घातलं. तुम्ही म्हणायचं ‘लायब्ररी बनव’, आणि त्या यंत्रावर काय रीत आहे ते शेल स्क्रिप्ट बघेल. ही स्क्रिप्ट दहा हजारांहून जास्त ओळींची आहे. मी एकदा उघडून बघितली. जुन्या वाड्याच्या माळ्यावर चढल्यासारखं वाटतं, प्रत्येक वस्तू कधीतरी कुणाच्या तरी उपयोगाची होती हे कळतं आणि आपण काही न हलवता खाली उतरतो.

त्रास किती? पहिला म्हणजे वेळ. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते प्रत्येक सोर्स फाइल दोनदा कंपाइल करतं, एकदा शेअर्डसाठी, एकदा स्टॅटिकसाठी. स्टॅटिक बंद करायचा स्विच आहे, तो पहिल्या दिवशीच शोधा. दुसरा त्रास जास्त गमतीचा. बिल्ड झाल्यावर तुमच्या प्रोग्रॅमच्या नावाची जी फाइल दिसते ती बहुतेक वेळा प्रोग्रॅम नसतेच, ती शेल स्क्रिप्ट असते. खरा प्रोग्रॅम एका लपलेल्या फोल्डरमध्ये, आणि ही स्क्रिप्ट लायब्ररीचा रस्ता लावून त्याला हाक मारते. हेतू चांगला आहे, लायब्ररी इन्स्टॉल न करता चाचणी घेता येते. पण मी जीडीबी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन, घेऊन बसले तेव्हा तो म्हणाला, ही फाइल चालवण्याजोगी नाही. आत्ता तर चालवली होती! लिबटूलमार्फतच जीडीबी सुरू करावा लागतो हे समजायला एक अख्खी दुपार गेली.

मॅकवर वेगळाच घोळ. तिथे ‘लिबटूल’ नावाचा प्रोग्रॅम आधीपासून असतो, पण तो ॲपलचा, पूर्णपणे वेगळ्या कामाचा. नाव तेवढं एक. होमब्रू, म्हणजे मॅकवर साधनं बसवून देणारा प्रोग्रॅम, वापरलंत तर ग्नूचं लिबटूल ‘जीलिबटूल’ म्हणून बसतं. एकाच गल्लीत दोन जोशी, आणि पोस्टमन नवा.

विंडोजवरची चूक मात्र सगळी माझी. लिबटूलला ‘या लायब्ररीत बाहेरून मागायचं काही उरलेलं नाही’ असं आश्वासन एका स्विचने द्यावं लागतं, नो-अनडिफाइन्ड. ते दिलं नाही तर विंडोजसाठी ते डीएलएल बनवतच नाही, स्टॅटिक लायब्ररी बनवतं आणि पुढे जातं. एरर येत नाही. वॉर्निंग येते, पण ती शेकडो ओळींच्या पुरात वाहून जाते. मी ‘बिल्ड झालं’ असा निरोप दिला, ईमेलला झिप जोडली. काउंटरवरच्या प्रोग्रॅमरचा दुसऱ्या दिवशी फोन आला, “मॅडम, झिपमध्ये डीएलएलच नाही.” मॅन्युअलात सगळं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

आणि मॅकवरचा पत्ता. दाखल्याचा नमुना छापून बघता यावा म्हणून लायब्ररीबरोबर ‘दाखला’ नावाचा एक लहान प्रोग्रॅम मी डिझायनरला दिला होता. त्याने चालवला, तर स्क्रीनवर ‘लायब्ररी लोड झाली नाही’ आणि पुढे माझ्या घरच्या मॅक मिनीवरच्या फोल्डरचं संपूर्ण नाव, माझ्या युजरनेमसकट. लिबटूलने इन्स्टॉलची जागा लायब्ररीच्या पोटात कोरून ठेवली होती आणि मी ती जागा स्वतःच्या होम फोल्डरमध्ये दिली होती. डिझायनर म्हणाला, “ताई, हे तुमच्या घरी शोधतंय.” अगदी बरोबर वाचलं त्याने. ओटूलने बघायचं कोणता पत्ता कोरलाय, आणि इन्स्टॉल-नेम-टूलने बदलायचा. दोन आज्ञांचं काम, पण आधी हे असं असतं हे माहीत हवं.

एवढं वाचून वाटेल की लिबटूलला मी एकच तारा देणार. थांबा. त्यात एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी मी ते अजून विसरलेली नाही.

लिबटूल लायब्ररीचा व्हर्जन नंबर तुम्हाला थेट लिहू देत नाही. ते तीन आकडे मागतं, करंट, रिव्हिजन आणि एज. लोक इथे कंटाळतात, रिलीजचा नंबरच तिथे चिकटवतात, आणि नेमकं तेच करू नका म्हणून मॅन्युअल बजावतं. करंट म्हणजे तुमच्या फंक्शनांच्या कराराचा, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम ती ज्या रीतीने बोलावतात तिचा, चालू क्रमांक. रिव्हिजन म्हणजे करार तोच ठेवून आत किती वेळा दुरुस्ती केली. एज म्हणजे मागचे किती करार आपण अजून पाळतो.

‘अक्षरी’वर हे असं घडलं. पहिली आवृत्ती ०:०:०. एकोणपन्नासचं स्पेलिंग सुधारलं, बाहेरच्याला काही कळायचं कारण नाही, ०:१:०. मग पैशांसाठी नवं फंक्शन घातलं. जुनी सगळी तशीच, म्हणजे करार नवा पण मागचा एक अजून पाळतो, १:०:१. यावरून लिबटूल प्रत्येक सिस्टिमच्या रीतीचं नाव स्वतः काढतं. लिनक्सवर करंटमधून एज वजा करून जो आकडा येतो तो पहिला, त्यामुळे १:०:१ ची फाइल ‘लिबअक्षरी डॉट एसओ डॉट ०.१.०’, सोनेममध्ये अजून शून्यच, आणि जुने प्रोग्रॅम निर्धास्त. विंडोजवर ‘लिबअक्षरी-०’ या नावाची डीएलएल, तीही तशीच राहिली.

मुद्दा असा, की दर वेळी बिल्ड करण्यापूर्वी हे साधन तुम्हाला अडवून विचारतं, काय बदललंस? भर घातलीस, की काही मोडलंस? मोडलं असेल तर एज शून्य. मी हे तीन नियम कागदावर लिहून मॉनिटरच्या वर चिकटवले होते. आमच्या ह्यांना कित्येक दिवस ते वाण्याचं उधारीचं गणित वाटत होतं.

त्या कागदाने २०२० च्या मार्चअखेरीला मला धरलं, ती हकिकत सांगते.

रक्कम मी पैशांत घेत होते, पूर्णांकात, म्हणजे दशांश चिन्हाचा घोळ नको. सीमध्ये त्यासाठी ‘लाँग’ हा प्रकार वापरला. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर लाँग आठ बाइटचा, मॅकवरही आठ. चौसष्ट बिटच्या विंडोजवर लाँग चार बाइटचा. ही गोष्ट मला माहीत होती. म्हणजे परीक्षेत विचारली असती तर मी सांगितली असती. काउंटरच्या पोराने माझ्या हेडर फाइलमध्ये, म्हणजे फंक्शनांच्या यादीत, ‘लाँग’ वाचलं आणि सी शार्पमध्ये ‘लाँग’ लिहिलं. त्याचा लाँग आठ बाइटचा. तक्रार करायला जागाच नव्हती, ना त्याच्या कंपायलरला, ना माझ्या.

चार बाइटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. पैसे म्हणून वाचली तर दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे छत्तीस रुपये सत्तेचाळीस पैसे. आता पावती कशाला एवढी असेल? मुदत ठेवही नाही. म्हणून दीड वर्ष काही झालं नाही. मार्चअखेरीला अहवालाच्या मसुद्यात एका शाखेच्या एकूण ठेवी आल्या, नेमक्या तीन कोटी. आणि अक्षरी रकमेत आलं, ‘उणे एक कोटी एकोणतीस लाख एकोणपन्नास हजार सहाशे बाहत्तर रुपये शहाण्णव पैसे’.

मॅनेजरसाहेबांचा आवाज शांत होता, तेच जास्त भीतीदायक. “मॅडम, ठेवी उणे कशा असतील? उणे म्हणजे लोकांनी आम्हाला द्यायचेत.” तोच अहवाल लिनक्सच्या सर्व्हरवर काढला, तर तिथे ‘तीन कोटी’ व्यवस्थित. एकच सोर्स, एकच तक्ता, लिबटूलने तिन्हीकडे इमानदारीत बनवलेल्या तीन लायब्ऱ्या, आणि त्यांतली एक तीन कोटींवर उणे सांगते. मसुदाच होता म्हणून निभावलं. छापून सभासदांच्या हाती गेला असता तर वार्षिक सभेत मला हजर राहावं लागलं असतं.

दुरुस्ती एका शब्दाची. लाँग काढायचा, आणि जो प्रकार कुठेही आठच बाइटचा राहतो, इंट-६४-टी, तो लिहायचा. लिनक्सवर आणि मॅकवर यंत्राच्या पातळीवर काहीच बदललं नाही. विंडोजवर मात्र करार मोडला, चार बाइटऐवजी आठ. मग तीन आकडे काय लिहायचे? लिनक्सपुरतं बघितलं तर नुसती रिव्हिजन. पण आकडे तिन्ही सिस्टिमना मिळून एकच लिहायचे असतात. मी कागदाकडे बघितलं. मोडलं? हो, एके ठिकाणी. मग सगळीकडे मोडलं. २:०:०. लिनक्सवरची फाइल ‘डॉट एसओ डॉट २’ झाली, विंडोजवर ‘लिबअक्षरी-२’, आणि जुनी शून्याची डीएलएल चुकून जागेवर राहिली तरी नव्या प्रोग्रॅमने तिला हात लावला नसता. अशा वेळी ही शिस्त सोन्यासारखी.

मॅनेजरसाहेबांनी मात्र फाइलींची नावं बघून विचारलं, “शून्य होतं, आता दोन आलं. एक नंबरचं आम्हाला दिलंच नाही का? त्याचं बिल तर नाही ना लावलं?”

तर लिबटूल असं. २०१५ च्या फेब्रुवारीत २.४.६ आलं, त्यानंतर २०२२ च्या मार्चपर्यंत नवीन आवृत्तीच नव्हती. मधल्या काळात ॲपलने चिपच बदलली. २०२१ मध्ये डिझायनरने नवा मॅक घेतला, एम-वन चिपचा, आणि त्याच्या पायथॉनने माझी लायब्ररी बघून ‘ही आपल्या जातीची नाही’ म्हणून नाकारली. माझी इंटेलसाठी, त्याचं पायथॉन आर्मचं. मी त्या रविवारी सीमेकवर गेले.

सीमेक हे किटवेअर या अमेरिकन कंपनीकडचं, सुमारे २००० सालापासूनचं. वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारा एक मोठा प्रकल्प अनेक सिस्टिमवर बिल्ड करायचा होता, त्या गरजेतून ते निघालं. लिबटूल युनिक्सच्या घरात जन्मलं आणि विंडोजला पाहुणा मानतं. सीमेकला तसं माहेर नाही. ते स्वतः बिल्ड करतच नाही, त्या-त्या ठिकाणच्या कारागिराला लागणाऱ्या फाइली लिहून देतं, कुठे मेकसाठी, कुठे व्हिज्युअल स्टुडिओसाठी, कुठे एक्सकोडसाठी. काउंटरच्या पोराने माझं फोल्डर व्हिज्युअल स्टुडिओत जसंच्या तसं उघडलं आणि पहिल्यांदा मला फोन न करता बिल्ड केलं. तेवढ्यावरच मी निम्मे गुण देऊन टाकले.

मॅकचा प्रश्न एका ओळीत सुटला. कोणकोणत्या चिपसाठी हवं ते एका व्हेरिएबलमध्ये लिहायचं, इंटेल आणि आर्म दोन्ही, आणि एकाच डायलिब फाइलमध्ये, म्हणजे मॅकच्या शेअर्ड लायब्ररीत, दोन्ही बसतात. पत्त्याचीही भानगड गेली. पूर्ण पत्त्याऐवजी ‘रनपाथमध्ये शोध’, म्हणजे प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या रस्त्यांवर शोध, असा मोघम पत्ता ते आपणहून कोरतं.

सगळ्यात आवडलं ते एक्स्पोर्टचं हेडर. एक मॉड्यूल आहे, ते तुमच्यासाठी हेडर फाइल लिहून देतं आणि त्यात एक मॅक्रो असतो. जी फंक्शनं बाहेरच्यांसाठी आहेत त्यांच्यापुढे तो लावायचा. विंडोजवर लायब्ररी बनवताना त्याचा अर्थ ‘बाहेर दे’, वापरताना ‘बाहेरून घे’, लिनक्स-मॅकवर ‘दिसू दे’. बाकीचं सगळं लपवा असं एका सेटिंगने सांगता येतं. विंडोजवर मॅक्रोचाही कंटाळा असेल तर ‘सगळंच एक्स्पोर्ट कर’ असंही एक सेटिंग आहे, ३.४ पासून. आळशी लोकांसाठी आहे. मी वापरलं नाही, कारण लपवण्याचं महत्त्व मला तेव्हाच कळलं होतं. लिनक्सवर सगळी फंक्शनं उघडी होती ना, तर सर्व्हरवाल्या प्रोग्रॅमरने माझं एक आतलं फंक्शन, दशकाचा शब्द काढणारं, परस्पर वापरायला घेतलं होतं. स्वयंपाकघरात शिरून डबा उघडल्यासारखं. मी दार लावलं त्या रात्री ठेवीदारांची पत्रं निघाली नाहीत. आता ते फंक्शन कायमचं बाहेरच्या खोलीत ठेवलंय, त्याच्यासाठी. चूक त्याची नाही, दार माझं उघडं होतं.

तक्रारी? आहेत, आणि त्या मोठ्या आहेत.

एक तर त्याची भाषा. यादी म्हणजे अर्धविराम घातलेली अक्षरमाला, अवतरणचिन्ह विसरलं की अर्थ बदलतो, आणि इंटरनेटवर मिळणारी निम्मी उदाहरणं दहा वर्षांपूर्वीच्या पद्धतीची. २०२५ मध्ये ४.० आलं तेव्हा ३.५ च्या आधीच्या पद्धतीने लिहिलेल्या प्रकल्पांना त्याने दारातूनच परत पाठवलं. इथे लिबटूलची आठवण येते. लिबटूल वापरून बांधलेलं सोर्सचं पुडकं उघडणाऱ्याकडे लिबटूल असावंही लागत नाही, स्क्रिप्ट पुडक्यातच असते. कॉन्फिगर, मेक, झालं. पंधरा वर्षांपूर्वीचं पुडकंसुद्धा बहुधा उघडतं. सीमेकचं तसं नाही, समोरच्याकडे सीमेक हवंच, आणि योग्य आवृत्तीचं.

दुसरी, रनपाथ. बिल्ड केलेल्या जागी प्रोग्रॅम छान चालतो, कारण सीमेकने लायब्ररीचा रस्ता त्यात लिहून ठेवलेला असतो. इन्स्टॉल करताना ते तो रस्ता पुसतं. मग इन्स्टॉल केलेला प्रोग्रॅम म्हणतो, लायब्ररी सापडत नाही. इन्स्टॉलनंतरचा रस्ता वेगळा सांगावा लागतो, लिनक्सला ‘डॉलर ओरिजिन’, मॅकला ‘ॲट लोडर पाथ’, दोन्हींचा अर्थ ‘माझ्या शेजारी बघ’. विंडोजला असला रस्ताच नसतो, तिथे डीएलएल प्रोग्रॅमजवळ नेऊन ठेवायची. ३.२१ पासून त्यासाठी एक सोय आली आहे, कोणकोणत्या डीएलएल लागतात त्याची यादी सीमेक स्वतः देतं आणि आपण कॉपी करायची. आधी यायला हवी होती.

इन्स्टॉलच्या भाषेतली एक गंमत सांगते, कारण नवखे इथे अडतात. सीमेकच्या लेखी डॉट एसओ आणि डायलिब या ‘लायब्ररी’. डीएलएल मात्र ‘रनटाइम’, तिची जागा प्रोग्रॅमांच्या फोल्डरमध्ये. आणि तिची इम्पोर्ट लायब्ररी ‘आर्काइव्ह’. म्हणजे विंडोजवर शेअर्ड लायब्ररी बनवूनही ‘लायब्ररी’ या खात्यात काहीच जमा होत नाही. एकदा कळलं की तर्कशुद्ध वाटतं.

तिसरी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर. सीमेक व्हर्जनबद्दल काही विचारत नाही. दोन जागा आहेत, व्हर्जन आणि सोव्हर्जन, हवं ते लिहा. काहीच लिहिलं नाही तरी तक्रार नाही. विंडोजवर तर लिहिलेला आकडा डीएलएलच्या नावात येतच नाही, ‘अक्षरी डॉट डीएलएल’ ते ‘अक्षरी डॉट डीएलएल’च. लाँगची भानगड माझ्याकडून सीमेकवर झाली असती तर जुनी आणि नवी डीएलएल एकाच नावाने फिरत राहिल्या असत्या आणि काउंटरच्या कोणत्या कॉम्प्युटरवर कोणती आहे ते उणे ठेवी बघूनच कळलं असतं. २०२३ च्या ३.२७ मध्ये, नावात सोव्हर्जन घालायची सोय आली. सोय म्हणजे सेटिंग, आपण लावायचं. मी लावलं.

ज्या गोष्टींत दोघांचाही उपयोग नाही त्या दोन. मेमरी ज्याने घेतली त्यानेच परत करायची, हे पथ्य. अगदी पहिल्या मसुद्यात माझं फंक्शन स्वतः मेमरी घेऊन त्यात शब्द लिहून द्यायचं. सी शार्पच्या बाजूने परत आलेली अक्षरमाला डॉटनेट, म्हणजे सी शार्प ज्यावर चालतं ती व्यवस्था, आपल्या पद्धतीने मोकळी करायला जातं, आणि ती मेमरी त्याने दिलेली नसतेच. लिनक्सवर महिनाभर चाललेली चाचणी विंडोजवर पहिल्याच पावतीला आडवी. आता बोलावणाऱ्यानेच रिकामी जागा द्यायची, मी फक्त भरते.

दुसरी, ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमांना लागणारी सीची मूळ लायब्ररी. सर्व्हरवर तेव्हा सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स, ग्लिबसी २.१७. माझा लॅपटॉप उबुंटू २२.०४ वर गेला आणि तिथे बिल्ड केलेला ‘दाखला’ प्रोग्रॅम सर्व्हरवर म्हणाला, ग्लिबसी २.३४ हवी. लायब्ररी स्वतः चालली, तिला नवं काही लागत नव्हतं. अडला तो प्रोग्रॅम, कारण त्याच्या सुरुवातीचाच धागा नव्या ग्लिबसीत नव्या शिक्क्याने बांधलेला आहे. यावर उपाय एकच, जितकी जुनी लिनक्स सांभाळायची आहे तितक्या जुन्या लिनक्सवर बिल्ड करायचं. मी कंटेनरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या एका वेगळ्या कप्प्यात, जुनी ठेवली आहे.

मेसॉन हे बिल्डचं तिसरं साधनही एका संध्याकाळी लावून बघितलं. भाषा सीमेकपेक्षा कितीतरी स्वच्छ, वाचून कंटाळा येत नाही. एकटीचा प्रकल्प असता तर तिथेच राहिले असते. पण काउंटरच्या पोराला पुन्हा काही नवीन बसवायला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तारे द्यायचे तर सीमेकला पाचपैकी चार, लिबटूलला अडीच. त्या अडीचपैकी दोन केवळ करंट, रिव्हिजन, एजचे. जो कोणी आज सुरुवात करतोय, आणि ज्याच्या गिऱ्हाइकांत एक जरी विंडोजवाला आहे, त्याने सीमेक घ्यावं. फक्त लिनक्स आणि बीएसडीसारख्या युनिक्ससाठी सोर्सचं पुडकं द्यायचं असेल तर लिबटूल अजूनही वाईट नाही, मात्र स्टॅटिक बंद करा आणि नो-अनडिफाइन्ड आत्ताच लिहून टाका.

माझ्या सीमेकच्या फाइलीत वर तीन ओळी आहेत, करंट, रिव्हिजन, एज. सीमेकला त्यांची गरज नाही, त्यांची वजाबाकी करून सोव्हर्जन काढणारी ओळ मीच लिहिली आहे. रकमेच्या शेवटी ‘फक्त’ लावणारं फंक्शन मागच्या दिवाळीत घातलं, तेव्हापासून तिथे ३:०:१ आहे. प्रेसवाल्याला ‘फक्त’च्या जागी ‘मात्र’ हवंय. ते जुन्याच फंक्शनला एक पॅरामीटर वाढवून करायचं की नवं फंक्शन घालायचं, ते अजून ठरलेलं नाही. पॅरामीटर वाढवला तर ४:०:०, आणि मॅनेजरसाहेबांचा फोन.